पाणी कुठून येतं

रंभाकाकीचा रेकॉर्ड केलेला आवाज सभागृहाच्या दोन्ही स्पीकरमधून एकदम आला आणि हसण्याच्या आधीच तुटला. लीया मागच्या रांगेत खिडकीशी बसली होती. हातातला चहाचा कागदी कप तिनं नकळत मांडीवर टेकवला होता. चटका बसला तेव्हा उचलला. “हितं पानी आपल्या पायांनी येतं,” एवढंच वाक्य, मग शांतता, आणि पडद्यावर पुढचं चित्र. पण तिथं शांतता नव्हतीच. त्या वाक्यानंतर रंभाकाकी हसली होती. मिश्रीनं खरखरलेल्या घशातून वर येणारं, स्वतःच्याच बोलण्यावर खूश झालेलं हसणं. लीयानं ते बांधावर उभं राहून ऐकलं होतं, आणि नंतर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या घरात शब्द उतरवून घेताना पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं होतं, इतकं की शीराआत्यानं आतून विचारलं होतं, ही कोण बाई सारखी हसतेय आपल्याकडे. आता ते हसणं कुणीतरी सफाईनं कापून काढलं होतं. काळोखात एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं लीयाला झालं. फार काही नाही, तेवढंच. पुढच्या रांगांतल्या माना हलल्या, कुणीतरी ‘वा’ म्हणालं, आणि बाहेर पेणच्या रस्त्यावरून ट्रक गेला तशी खिडकीची काच थरथरली.

ऋत्विक बोलत होता. तो पुण्याचा, संस्थेच्या या कामाचा प्रमुख, आणि लीयाला मनातून आवडणारा माणूस. गावात गेला की चपला दाराबाहेर काढणारा, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्येच न तोडणारा. समुद्र चढतोय, उधाणं वाढतायत, तर खाडीकाठच्या गावांनी कसं तगून राहायचं याचा आराखडा ही संस्था सरकारसाठी करत होती, आणि त्यात लोकांचं पिढीजात ज्ञान आलंच पाहिजे हा हट्ट ऋत्विकचा. शेवटी चिकटवलेलं एखादं पान म्हणून नाही, तो म्हणायचा, पाया म्हणून. त्यासाठीच त्यानं लीयाला घेतलं होतं. ती रोह्याची, इथल्या बोलण्याच्या खाचाखोचा कळणारी. वर्षभर ती खारीखारीतून हिंडली होती. खार म्हणजे खाडीला बांध घालून, खारं पाणी बाहेर ठेवून, तिच्याकडून मागून घेतलेली भातजमीन. पडद्यावर आता गडब गावाच्या खालच्या अंगाची मधली खार दिसत होती. बांधाची पिवळी रेघ, आणि बांधाच्या वळणापासून आत शिरून शेतांच्या मधोमध गेलेली एक निळी रेघ. ती रेघ लीयानं ओळखली. रंभाकाकी पुढं आणि फोन हातात धरून लीया मागं, अशा दोघी त्या दिवशी चालल्या होत्या; पाणी कसं येतं ते काकी स्वतः चालून दाखवत होती. मध्ये एका ठिकाणी तिच्या पायाला काटा रुतला म्हणून ती थोडी डावीकडे गेली होती. निळी रेघही तिथं थोडी डावीकडे गेली होती. आणि तिच्या दोन्ही अंगांना, बांधापासून वाडीच्या घरांपर्यंत, हिरवा रंग भरलेला होता.

“हा पट्टा आपण पाण्याला परत देतोय,” ऋत्विक म्हणाला. बांध दुरुस्त करायचा नाही. भरती आत येऊ द्यायची, तिवरं वाढू द्यायची. ती लाटा अडवतील आणि वरची गावं वाचतील. वाडीतली घरं टप्प्याटप्प्यानं वर हलवायची. “आणि हे आम्ही ठरवलेलं नाही. पाण्याची ही वाट तिथल्या लोकांनीच दाखवलीय.”

“चांगलं आहे,” पहिल्या रांगेतले सरकारी साहेब म्हणाले. “लोकांच्या तोंडून आलं की पुढं विरोध राहत नाही.”

लीया उठून उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. “त्या बाई पुढं बोलल्यात अजून,” ती म्हणाली. “पाणी तिथून येतं म्हणून तिथं दुहेरी बांध लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे. दोन बांध, मध्ये चिखल, वरून पेंढा. दर वर्षी, घरटी एक माणूस. पाणी कुठून येतं ते त्यांनी अडवण्यासाठी सांगितलंय, सोडण्यासाठी नाही.”

“ते परिशिष्टात घेतलंय, लीया,” ऋत्विक हळू आवाजात म्हणाला.

साहेब खुर्चीत वळले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, थकलेला होता. “मॅडम, मी पण खारीतलाच आहे. आमचाही बांध होता. माझे चुलते गळ्यापर्यंत चिखलात उभे राहायचे. मला सांगा, घरटी माणूस आहे का आता तिथं? पोरं रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात, नाहीतर मुंबईला. चिखल कोण टाकणार? तुम्ही टाकणार, का मी?”

ते कुचेष्टेनं विचारत नव्हते. उत्तर असतं तर त्यांना ते हवं होतं, असं लीयाला वाटलं, आणि म्हणूनच तिला बसावं लागलं. वर्षभरात तिनं पाहिलेल्या बांधांवर चिखल टाकणारे हात म्हाताऱ्यांचे होते, आणि तेही कमी कमी होत गेलेले. जे खरं आहे त्याच्याशी भांडायचं कसं. रंभाकाकीचं खरं होतं, साहेबांचं खरं होतं, उपग्रहातून दिसणारं पाणीही खरं होतं, आणि या सगळ्या खऱ्यांची बेरीज तो हिरवा रंग होता.

रंभाकाकी आधी बोलायलाच तयार नव्हती. पहिल्या खेपेला तिनं लीयाला ओट्यावर बसवून ठेवलं आणि स्वतः कोंबड्यांमागं फिरत राहिली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, लय जनी येतात लिवायला, पुढं कायच होत नाय. तिसऱ्यांदा लीया गेली ती कामासाठी नाही, पोह्यांसाठी. मधल्या खारीतला तांबडा राता, खारं पाणी सोसणारा भात, त्याचे पोहे रेचलला, लीयाच्या आईला, मलिद्यासाठी लागायचे. नवस फेडायचा, प्रार्थना म्हणायची, तर ताटातले पोहे त्याच भाताचे हवेत, दुसरे गोड लागत नाहीत म्हणायची. आई वारल्यावर ते राहून गेलं होतं. हे ऐकल्यावर काकी थांबली. “तू तेल्यांची व्हय. शनवारची,” ती म्हणाली, आणि लीयाच्या तोंडाकडे नीट बघत राहिली. ज्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा त्या ज्यू लोकांना या गावांत अजून त्याच नावानं ओळखत, घाणा आणि माणसं दोन्ही गेल्यावरसुद्धा. “तुमची सगली गेली ना तिकडं. तू का नाय गेलीस गो?” भाऊ एझ्राही दर वर्षी तिकडून फोनवर हेच विचारायचा, आणि दर वर्षी ती शीराआत्याच्या गुडघ्यांचं कारण पुढं करायची. ती नुसती हसली. तर काकीला त्यात काय दिसलं कोण जाणे, तिनं पदर खोचला आणि म्हणाली, चल, दावते. बांधाच्या वळणावर तिनं चिंबोऱ्यांची बिळं दाखवली. बिळं आतल्या अंगाला ओली दिसली की समजायचं, पुढच्या उधाणाला पाणी इथून येणार. तिथं पूर्वी खाडीची एक शाखा होती, तिच्या आजेसासऱ्यानं बुजवलेली. वरून बुजली, खालून नाही. सांगताना काकी मोठी होत गेली. हात उडवत, नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नकला करत, गावातली माणसं कशी चुकीच्या जागी चिखल टाकतात आणि आपण कशी बरोबर जागा सांगतो याची फुशारकी मारत. थोडं तिखटमीठही लावत असावी. “लिव,” ती म्हणाली, “माजं नाव घालून लिव. वर पोचव. मंग होल बांद.” लीया म्हणाली होती, पोचवते काकी. बांध होईल असं ती म्हणाली नव्हती. पण होणार नाही असंही म्हणाली नव्हती, आणि सभागृहातल्या त्या खुर्चीत बसून तिला आठवत राहिला तो दोन वाक्यांमधला मोकळा भाग, जिथं तिनं काहीतरी म्हणायला हवं होतं आणि जिथं त्या दिवशी फक्त वारा होता.

रोह्याच्या जुन्या घरात एकदा अशीच एक बाई आली होती, परदेशातली, गोरी, घामानं ओली झालेली. लीया तेव्हा लहान होती. आजोबांना, हासाजींना, कीर्तनं यायची. मोशेची, योसेफाची, मराठीतली, लांबच लांब, एकेका चालीत गावांची नावं असलेली. त्या बाईनं टेबलावर यंत्र ठेवलं आणि आजोबा दिवसभर गायले. आईनं तिला गूळ-पाणी दिलं, सगळं घर अदबीनं गप्प राहिलं. बाई गेल्यावर आजोबा खुशीत होते. पुढच्या सणाला काकांना त्यांनी जवळ बसवलं, तर काका म्हणाले, आता आहे ना ते बाईंकडे, जपून. कुणी असं ठरवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून घरात कुणी ते शिकायला बसलं नाही. जपलं गेलं होतं ना. मग एकेक करून माणसं निघाली, प्रत्येक जण भांडीकुंडी वाटून, दाराशी रडून. आणि आजोबा सोप्यावर बसून गुणगुणायचे तेव्हा मधलीच एखादी ओळ सापडत नसे, आणि ती आठवून देणारं कुणी नसे. जगात कुठंतरी, कुठल्यातरी थंड खोलीत ती ओळ नीट ठेवलेली होती. ते कीर्तन लीयानं पुढं कधी मागवलं नाही. मागवलं असतं तर मिळालं असतं, याची तिला खात्री होती. त्या खात्रीचीच तिला भीती वाटे.

सभा संपल्यावर जेवणाची पाकिटं आली. लीयानं घेतलं नाही. ऋत्विक तिच्यामागं दारापर्यंत आला. “तू रागावलीस,” तो म्हणाला. ती म्हणाली, नाही, आणि ते खरं होतं. राग यायला समोर कुणीतरी लबाड लागतो. रोह्याकडे जाणाऱ्या मिनीडोर रिक्षामध्ये ती बसली आणि गडबला, हायवेवरच्या दुकानांपाशी, उतरली. तिथून खाली मधल्या खारीकडे रस्ता जातो. दोन्ही बाजूंना भाताचे खुंट होते, मग खुंट काळपट झाले, मग खुंटांच्या मधून तिवरांची बोटभर रोपं दिसायला लागली, चिखलातून ताठ वर आलेली, चकचकीत पानांची. कायद्यानं ती उपटायची नसतात. एकदा वाढली की जमीन त्यांची होते. रोपं देखणी होती, हेही लीयाला दिसत होतं.

रंभाकाकीनं चांगलं लुगडं नेसलं होतं. ओट्यावर तिचा मुलगा सखा बसला होता. रोह्याच्या कंपनीतली रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. आराखड्यातलं काकीच्या फोटोचं पान संस्थेनं सकाळीच त्याच्या फोनवर पाठवलं होतं.

“आलीस गो. सखा, खुर्ची आन तिला. फोटू पायलास ना माजा? सगल्या वाडीनं पायला. हौसा तर म्हनते, रंभे, आता तू सरकारात गेलीस.” काकी खाली बसली, पाय पसरून. “पन बाजूला काय लिवलंय ते कोन वाचनार. ह्याला सांगलं तर म्हनतो अक्षर बारीक हाय, दिसत नाय.”

लीयानं सख्याकडे पाहिलं. त्यानं खाली मान घातली आणि अंगठ्यानं ओट्याची माती कुरतडायला लागला. त्यानं वाचलं होतं.

लीयानं त्याचा फोन हातात घेतला आणि वाचलं. “‘स्थानिक महिलांच्या निरीक्षणानुसार या भागात भरतीच्या पाण्याचा प्रवेश नैसर्गिक व अटळ आहे. सबब मधल्या खारीच्या बांधाची दुरुस्ती प्रस्तावित नाही.’”

“म्हंजे?”

“म्हणजे बांध करणार नाहीत, काकी. जमीन तिवरांना सोडणार.”

“आनि घरं?”

“घरं वर न्यायची म्हणतात. हळूहळू.”

काकीनं अगदी साध्या आवाजात, हिशोब चुकलेल्या माणसासारखं विचारलं, “ह्ये मी सांगलं?”

“तुम्ही पाणी कुठून येतं ते सांगितलंत.”

“व्हय. खरं सांगलं.” ती आपल्या पायांकडे बघत होती, भेगांमध्ये कायमचा काळा झालेला चिखल असलेल्या. “मंग खोटं सांगायला पायजे होतं?”

सखा म्हणाला, “आई, बांद आपनच नाय घातला गो. किती वर्सं झाली.”

“तू नाय घातलास.”

“व्हय,” तो म्हणाला. “मी नाय घातला.” आणि उठून आत गेला.

लीयाला वाटलं होतं काकी ओरडेल, हाकलून देईल. मिनीडोरमध्ये बसल्या बसल्या तिनं त्याची तयारी करून ठेवली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. काकीनं चहा केला. पितळीत ओतून दिला. मग म्हणाली, “माजा आवाज हाय ना तुज्याकडं, तो पूस.” लीयानं तिच्या देखत पुसला. आणि मग, लपवायचं आता काय म्हणून, सांगितलं की तो आवाज पुण्याला आहे, मुंबईला आहे, आणखी कुठं कुठं गेला असेल. “मंग पुसून काय उपेग,” काकी म्हणाली, रागानं नाही. उन्हं उतरत होती. बांधाच्या वळणाकडून वास यायला लागला, चिखलाचा, मिठाचा, कुजत्या पेंढ्याचा. त्या वासात काकीनं आयुष्य काढलं होतं, तिला तो आला नसेल. निघताना तिनं विचारलं, “तुमची सगली गेली ती कशी गो? एकदम?”

“नाही. एकेक.”

“कोनी हाकललं?”

“कुणीच नाही. ज्याचं त्याला वाटलं, आता इथं राहून काय.”

“मंग शेवटच्यानं दार लावलं असल.”

“शेवटचा अजून गेला नाही, काकी,” लीया म्हणाली.

काकीनं मान हलवली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मग काकी कोंबड्या आत घ्यायला उठली.

आराखडा सगळ्यांना आवडला. ऋत्विकनं फोन करून सांगितलं, आणि म्हणाला, पुढच्या टप्प्यात खालची खार घेऊया. मधल्या खारीला लागूनच आहे, तू जाशील ना. वरश्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोर नव्या इमारतींचे खांब दिसत होते, कालपरवापर्यंत तिथं भात होता. लीयानं विचारलं, “आणि लोकांनी नाही सांगितलं तर?” ऋत्विक म्हणाला, “वरून काढलेली चित्रं आहेतच. पट्टा बदलणार नाही फारसा. पण नुसती चित्रं नकोत गं. लोकांचं म्हणणं त्यात असायलाच हवं.” त्याच्या आवाजात कळकळ होती. लीया नाही म्हणणार होती. ओठावर आलेलं नाही तिनं गिळलं ते एका विचारानं: आपण गेलो नाही तर दुसरं कुणी जाईल, आणि ते लोकांना सावध करणार नाही. रात्रभर तिनं वाक्यं जुळवली. बायांनो, काही सांगू नका. पाणी कुठून येतं ते विचारलं तर म्हणा, ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ठामपणे काय करायचं ते कळलं होतं, आणि त्यानं तिला जवळजवळ बरं वाटलं.

अमावास्येची भरती भर दुपारी होती. खालच्या खारीत शेवटचं घर कृष्णाबाईचं, रंभाकाकीच्या बरोबरीची, बारीक, सरळ पाठीची म्हातारी. ती दारात भाताचं पोतं सैल करून बसली होती. लीयानं नाव सांगितलं, तर ती म्हणाली, म्हायत हाय. लीया ओट्यावर टेकली आणि रात्री जुळवलेलं पहिलं वाक्य उच्चारणार, एवढ्यात कृष्णाबाईच म्हणाली, “आमाला कायच म्हायत नाय गो बाय. रंभीनं सांगून ठेवलंय सगल्यांना. आमी कायच सांगनार नाय.”

“मीही तेच सांगायला आले होते.”

“मंग झालं तर.” तिनं विश्वास ठेवला नाही, आणि ठेवण्याचं कारणही नव्हतं. “लिव. पानी हितं येत नाय. कंदीच आलं नाय. बांद चांगला हाय.”

शेजारच्या दारातली बाई म्हणाली, “नाय येत.” तिच्या पलीकडून आणखी एक म्हणाली, “नाय येत.” खालच्या खारीत त्या दुपारी एवढंच बोललं गेलं, एकीकडून दुसरीकडे, आरडाओरडा न करता, भजनाचं पालुपद धरावं तसं. सावध करायला आलेल्या बाईला करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. लीयानं फोन पिशवीत टाकला. बांधाच्या बाजूनं एक पातळ, चकाकणारी कड शेतातून सरकत येत होती, आवाज न करता, पेंढ्याच्या काड्या पुढं ढकलत. अंगण ओलं झालं. चुलीजवळची लाकडं तरंगून जरा हलली. कृष्णाबाईनं तिकडं पाहिलं नाही. तिनं पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं, एक टोक धरलं आणि ते वर फळीवर चढवायला लागली, पण पोतं जड होतं आणि हात म्हातारे होते.

लीया उठली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून पोतं फळीवर लोटलं.

“पानी येत नाय,” कृष्णाबाई धापा टाकत म्हणाली.

“नाही येत,” लीया म्हणाली, आणि दुसरं पोतं उचलायला वाकली, तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते.